खडपावरचा रिकामा फोटो

आमच्या गावचा किनारा म्हणजे नुसतं खडप. वाळू नावालाही नाही, सगळे काळे दगड आणि त्यांना चिकटलेली कालवं. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत, आणि मला फोटोंसाठी नेमकं तेच हवं होतं. ओहोटीला आई टोपली आणि कोयती घेऊन कालवं काढायला निघाली की मीही कॅमेरा घेऊन तिच्या मागोमाग. तिथे पोचलो की माझं सुरू व्हायचं, "आई, जरा बाजूला हो ना. फोटोत माणूस नकोय मला."

ती निमूटपणे मोठ्या दगडाआड जाऊन बसायची. मला हवा तसा उजेड मिळेपर्यंत तिची अर्धी ओहोटी सरायची. मधूनच दगडाआडून आवाज यायचा, "झालं काय रे? पाणी भरायला लागलं." वर मीच तिच्यावर खेकसायचो.

गेल्या वर्षी ती गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर त्या किनाऱ्याचे माझ्याकडे शेकडो फोटो आणि तिचा एकही नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. तो तिच्यासारखा दिसतही नाही.

शेजारीच किनाऱ्याचा फोटो आहे. घरी येणारे म्हणतात, "काय निर्जन जागा आहे हो!" माझं डोकं फिरतं. कसली निर्जन? तो डावीकडचा दगड दिसतोय ना, त्याच्या मागे माझी आई बसलीय, पाण्यात पाय ठेवून, मी हाक मारीन म्हणून.