शुद्ध करून आण

अपमान माझा झाला. आंतरविद्याशाखीय एम.ए.च्या पहिल्या सत्रात, पहिल्याच सादरीकरणात, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला. मी सौंसरची. फळ्यासमोर उभी राहून मी म्हटलं, "मी संत्र्याच्या बागांवर काम करून राहिली."

सरांनी हात वर केला. "करून राहिली? करून झाल्यावर कुठं राहिली?"

मागून कोणीतरी ओरडलं, "धर्मशाळेत, सर!"

अख्खा वर्ग हसला. सरही हसले. मग मायेनं म्हणाले, "मध्यप्रदेशातून आलीस ना. हिंदीची सावली आहे. चालायचंच."

छिंदवाड्यात बी.ए. करताना आम्ही 'मराठीवाले'. इथं हिंदीची सावली. मग आमचं अंग कुठं आहे?

या विभागात विद्याशाखांच्या भिंती नाहीत, असं दारावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. त्यासाठीच तर मी इथं आली. बाग का मरते हे एकट्या वनस्पतिशास्त्राला सांगता येत नाही. माती लागते, बाजार लागतो, बागेतल्या माणसाचं बोलणं लागतं. पण माझंच बोलणं भिंतीबाहेर.

ते हसू गेलं नाही. जिन्यात पोरी विचारायच्या, "काय, आज काय करून राहिली?" मी तोंड मिटलं. वाक्य आधी मनात धुवायची, वाळवायची, मग बोलायची. तोवर चर्चा पुढं गेलेली. घरून आईचा फोन यायचा. "जेवली का वं? काय करून राहिली?" आणि आईच्या आवाजामागं वर्ग हसायचा. माझ्या आईच्या आवाजामागं! अजूनही हसतो. सौंसरच्या बसस्टँडवर कोणी 'राहिलो' म्हटलं की मी दचकून मागं पाहते. मागं कोणीच नसतं.

दुसऱ्या वर्षी प्रबंध. विषय संत्र्याच्या मरत्या बागा. मार्गदर्शक तेच सर. पांढुर्ण्याकडच्या एका बागेत एक मावशी झाडाच्या सालीवर हात ठेवून मला म्हणाली, "पाह्य ना पोरी, झाड सुकून राहिलं." मी तसंच लिहिलं.

सरांनी लाल रेघ मारली. "सगळ्या मुलाखती शुद्ध करून आण. 'झाड सुकत आहे' असं लिही."

'सुकत आहे' ही बातमी झाली, कोणीही द्यावी. मावशी त्या झाडापाशी रोज उभी राहते. ते तिच्या डोळ्यांदेखत सुकून राहिलं. तिची ती रोजची नजर मी कोणत्या शुद्धलेखनात बसवू?

मी म्हटलं, "सर, मी बदलून नाही राहिली."

तोंडातून तसंच निघालं. न धुतलेलं. या वेळी सर हसले नाहीत.

"मग माझी सही विसर."

"विसरली."

लाल रेघांचे कागद उचलले आणि बाहेर पडली.

सही झाली नाही. पदवी अडकली. येत्या सोमवारी विभागाची समिती बसणार, माझ्या मुलाखती 'भाषिकदृष्ट्या स्वीकारार्ह' आहेत का ते ठरवायला. मावशीचं वाक्य मी बदलणार नाही. पदवी गेली तर जाऊ द्या.

आणि तुम्ही, हे पत्रक हातात घेतलेले. बैठकीत विद्यार्थ्यांना बसता येतं. सोमवारी या. त्या दिवशी हसलेल्यांनी सगळ्यात आधी या. मला तुमची सहानुभूती नको. समितीसमोर उभे राहा, घरी आईशी बोलता त्या मराठीत तोंड उघडा, आणि विचारा: शुद्ध करायला सांगता, तर मळलेलं काय होतं, ते आधी दाखवा.