हलणारी शेपटी

९ जानेवारी. कोकरांच्या घाणीने माखलेल्या शेपट्या धुवायचं काम. या लांब शेपटीच्या मेंढ्या माझ्या धाकट्या दिरांनी बाहेरून आणल्या. आज ते रबरी कड्यांची पुडी घेऊन आले. शेपटीच्या मुळाशी कडं चढवलं की शेपटीत रक्त जायचं थांबतं आणि काही दिवसांत शेपटी वाळून गळून पडते.

“उद्या उरकून टाकू, वहिनी. घाणीवर माश्या बसतात, किडे पडतात. रोज धुवायचा कंटाळा नाही येत?”

“भांड्यांचाही येतो, भाऊजी. म्हणून तुमचं जेवण बंद केलं का?”

ते हसले, पण पुडी खिशात घातली नाही.

तेवढ्यात एक कोकरू आईच्या कासेला लागलं आणि त्याची शेपटी भराभर हलू लागली. मला गोठ्याच्या दारातूनच कळतं. शेपटी हलली की दूध उतरलं. नुसती लोंबत राहिली की कोकरू उपाशी आहे, नाहीतर आईची कास दुखते आहे. जे साफ करायचा आपल्याला कंटाळा, ते आपण बिनकामाचं ठरवून मोकळे होतो. शिवाय कोकरांची पोटं बिघडून शेपट्या माखल्या त्या ओल्या लसूणघासाच्या चाऱ्याने, आणि तो चारा मीच टाकला होता. चूक माझी असताना शेपटी कोकराची का जावी?

१० जानेवारी. सकाळी मी आधी कोरडा कडबा टाकला. मग भाऊजींच्या हातात कातर दिली.

“घाण चिकटते ती मागची लोकर तेवढी कापा. शेपटीला धक्का लागला, तर गाठ माझ्याशी आहे.”