कुंकवाची जखम

मूल सहा महिन्यांचं असताना बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते, "अंगावर पितं ना?" आणि आपण मान ताठ करून हो म्हणतो. माझी मुलगी साडेतीन वर्षांची झाली तेव्हाही हाच प्रश्न यायचा, फक्त त्याच्या आधी 'अजून' लागलेलं असायचं आणि माझी मान खाली गेलेली असायची. दूध तेच होतं, मीही तीच होते. कौतुकाची गोष्ट नेमकी कधी चोरीची झाली, ते मला कुणी सांगितलं नाही.

चोरीचीच म्हणायची. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी आटोपून मी पडेगावच्या घरी पोचले, की खांद्यावरची पर्स उतरायच्या आत मुलगी ओढणीला लोंबकळायची. मी आधी खिडकीचा पडदा ओढायचे, मग दाराला कडी लावायचे, आणि पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसायचे. स्वतःच्याच घरात! दिवसभराच्या थकव्यानं मला डुलकी यायची, तिलाही यायची, आणि झोपेत तिचा दात लागला की मी दचकून म्हणायचे, "दात नको ना लावू गं." ती सोडून वर बघायची आणि पुन्हा जपून प्यायला लागायची. तेवढ्या वेळात आम्ही दोघी फार सुखात असायचो. हे लिहितानासुद्धा कुणी वाचत तर नाही ना, असं वाटतं, म्हणजे बघा.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पोरगी जेवतेय, वाढतेय, तुम्हा दोघींची हरकत नसेल तर घाई कशाला. हरकत आमची नव्हतीच, बाकी सगळ्यांची होती. ग्रंथालयातली मैत्रीण विचारायची, हिला कॉलेजात ॲडमिशन घेईपर्यंत पाजणार का. नवरा बोलायचा काहीच नाही. पण घरात पाहुणे आले की आमच्या दोघींकडं असा बघायचा, जणू आम्ही त्याची इज्जत आता गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालणार आहोत. मला राग यायचा. पण भांडायला तोंड उघडत नव्हतं, कारण आतून मलाही त्याचंच बरोबर वाटायचं.

त्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला आम्ही सगळ्या शहागंजातल्या एका साडीच्या दुकानात गेलो. त्यासाठी माझ्या सासूबाई देवगाव रंगारीहून मुद्दाम आल्या होत्या, आणि नवऱ्या मुलाकडच्या बायकाही होत्या. सगळ्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेल्या, समोर साड्यांचा ढीग. मुलगी कंटाळली. साड्या तुडवत ती माझ्या मांडीत येऊन बसली आणि तिचा हात सरळ माझ्या पदराखाली गेला. मी तो काढला. तिनं परत घातला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, दूध दे ना. या बाजूचं दे."

साडी उलगडून दाखवणाऱ्या माणसाला अचानक वरच्या फळीवरचं काहीतरी आठवलं. तो आमच्याकडं पाठ करून उभा राहिला, तो राहिलाच. बायका हसल्या. नवऱ्या मुलाच्या मावशीनं गोड आवाजात विचारलं, "कितवीला आहे ही?" आणि मी मुलीच्या हातावर चापट मारली.

त्याआधी मी तिला कधी मारलं नव्हतं. ती रडली नाही. आपल्या हाताकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं, पण शहागंजातली फरशी पक्की आहे. मी मान खाली घालून एका साडीचे काठ तपासत बसले. ती साडी मला आवडलीही नव्हती.

रिक्षात सासूबाईंनी आधी साड्यांच्या पिशव्या पायाशी नीट लावल्या. मग म्हणाल्या, "सोयऱ्यांसमोर मान खाली घालायची येळ आणली. आमच्या टायमाला दुसरं पोटात आलं की पहिल्याचं आपसूक सुटायचं. तुला दुसरं नाय, मंग तुलाच तोडावं लागंल." त्या रागावून बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. लग्नाच्या आत तोडायचंच, असं मीही त्या रिक्षात ठरवलं.

पहिला उपाय कडुलिंबाचा. सासूबाईंनी कोपऱ्यावरच्या झाडाचा पाला आणून बारीक वाटला आणि मी तो लावला. मुलीनं तोंड लावलं, थू थू केलं, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, सुटलं. ती साखरेचा डबा घेऊन परत आली आणि म्हणाली, "यावर हे लाव." सासूबाईंनासुद्धा हसू आवरेना. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, पोरगी तुझ्यापरीस हुशार हाय.

दुसरा उपाय मात्र त्यांनी हसत सांगितला नाही. "कुंकवात तेल कालव, लाव, अन् सांग मांजरीनं बोचकारलं म्हणून. बघितलं की आपोआप तोंड फिरवती." त्यांच्या माहेरी सगळ्या बायकांनी हेच केलं होतं म्हणे. मला ते मांजरीचं काही पटेना. मी ग्रंथालयात मुलं वाढवण्यावरची पुस्तकं वाचलेली बाई. मुलांशी खोटं बोलू नये, हे मी चार जणींना ऐकवलेलंसुद्धा होतं. म्हणून मी मधला मार्ग काढला. देवघरातलं कुंकू तेलात कालवून लावलं, ओढणी बाजूला केली आणि नुसतं म्हणाले, "लागलं गं, बघ." कशानं लागलं, ते सांगितलंच नाही. अर्धं खोटं जरा हलकं पडतं, असा माझा हिशेब.

मुलीनं बघितलं. तिचा चेहरा एकदम उतरला. तिनं माझी ओढणी दोन्ही हातांनी हळूच नीट केली आणि पलंगावरून खाली उतरली. झालं. एवढंच. सासूबाई म्हणाल्या, म्हणलं नव्हतं का? आणि समाधानानं गावाकडं गेल्या. तिकडून त्यांनी फोनवर सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना कळवलं, की सुटलं बरं का. मैत्रिणीनं ग्रंथालयात मला पेढा भरवला. नवरा तर बायको परीक्षा पास झाल्यासारखा खूश होता.

मी खूश नव्हते. संध्याकाळी मी घरी आले की मुलगी पळत यायची आणि हातभर अंतरावर थांबायची. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून विचारायची, "दुखतंय?" नाही म्हणावं तर दूध मागेल, म्हणून मी म्हणायचे, "थोडंसं." मग ती दाखव म्हणायची. त्यामुळं रोज कॉलेजातून आले की मी आधी बाथरूममध्ये जाऊन कुंकू लावून यायचे. पूर्वी कडी लावून पाजत होते, आता कडी लावून जखम रंगवत होते. देवघरातला कुंकवाचा करंडा भराभर रिकामा होत होता, आणि नवरा म्हणाला, हल्ली तुझी भक्ती फार वाढली.

एका रविवारी दुपारी शेजारच्या खाला आल्या. त्यांच्या घरच्यांचं चपलांचं दुकान आहे. गल्लीतल्या कुठल्याही पोराला नजर लागली, ताप आला, तर बायका पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याकडं जातात. त्या दुआ पढून पाण्यावर फुंकर घालतात. माझ्या मुलीची शाळेची बाटली त्यांच्या हातात होती आणि मुलगी त्यांच्या मागं उभी होती. खालांनी तिला बाहेर खेळायला पाठवलं, दार लोटलं आणि माझा हात धरला.

"बेटा, बच्ची बोली अम्मी के छाती में से खून आरा, पानी पढ़ के देव. मैं तो डर गई. डॉक्टर को बताए क्या?"

मला सगळं सांगावं लागलं. लिंबाचा पाला, कुंकू, रिक्षा, साडीवाल्याची पाठ. त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. त्यांच्यात दोन वर्षं पाजायला सांगितलेलं आहे, आणि आपण शेवटच्या पोराला सासूच्या चोरून त्याहून जास्त पाजलं, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. दाराकडं एकदा बघूनच. मग बाटली माझ्यासमोर ठेवली. "कैसे लगा पूछी मैं, तो बोलतीच नहीं. मुंडी नीचे करके खड़ी रही. ये पानी लगाई तो बोल देव, अच्छा हो गया. इत्ता तो करो उसके वास्ते."

त्या गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन कुंकू साबणानं धुऊन टाकलं. बरं झालं म्हटलं की ती दूध मागणार, हे मला कळत होतं. लग्न तोंडावर आलेलं, सासूबाईंनी गावभर सांगितलेलं, पेढा खाऊन झालेला. आणि तरी तिनं मागावं असं मला मनापासून वाटत होतं. मी पलंगावर बसून तिला हाक मारली. दाराला कडी नव्हती, पडदा उघडा होता. ते मला दिसत होतं, पण मी उठले नाही.

मुलीनं बाटली उघडली, रुमालाचं टोक भिजवलं आणि ते हलक्या हातानं माझ्या छातीवर टेकवलं. मग जवळ येऊन नीट बघितलं.

"झालं बरं?"

"झालं," मी म्हणाले. "बघ, काहीच नाही आता. ये."

ती आली नाही. ओठ घट्ट मिटून एक पाऊल मागं सरकली.

"नको," ती म्हणाली. "परत माझे दात लागतील."

आणि तिनं मान खाली घातली. ती मान मला चांगलीच ओळखीची होती.

मी देवघरातून करंडा आणला. तिच्यादेखत कुंकवात तेल कालवलं, माझ्या मनगटावर तसाच लाल डाग रंगवला आणि सांगितलं, की तुझ्या दातांनी जखम कधी झालीच नव्हती, आई खोटं बोलली, हे नुसतं कुंकू आहे. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग रुमाल पुन्हा बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि माझं मनगट पुसायला लागली, मला दुखू नये अशा बेतानं.