फ्लेक्सखालचे बोर्ड

स्क्रीनवरचा रंगसुद्धा वाळू द्यावा लागतो, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या कोल्हापुरात एकच असेल, आणि तो माझा घरमालक होता. राजारामपुरीत त्यांच्या घराच्या माडीवरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यातही चित्रकलेच्या. त्यामुळे मी नेमकं काय शिकतो हे घरी मला कधीच नीट सांगता आलं नाही. घरमालकांना, म्हणजे काकांना, ते सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी शिडीवर उभं राहून दुकानांचे बोर्ड रंगवले होते. फ्लेक्स आले आणि शिडी जिन्याखाली गेली. मग पुण्याच्या लेकीनं त्यांना टॅब्लेट आणि त्याचं पेन पाठवून दिलं, आणि ते वापरायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

लेयर म्हणजे काय हे मी त्यांना घाबरत घाबरतच समजावलं. काचेवर काच ठेवल्यासारखं. प्रत्येक काचेवर वेगळं चित्र, आणि एखादी काच झाकायची असेल तर तिच्या शेजारच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवायचं. काका म्हणाले, "म्हंजे पयला हात, दुसरा हात. त्यात नवीन काय सांगालाईस?" त्या दिवसापासून एका लेयरचा हात मारून झाला की ते पेन खाली ठेवून चहाला उठायचे. मी म्हटलं, "काका, हा ओला नसतो." तर म्हणाले, "तुला काय म्हाईत? ऑइलपेंट असता तर दोन दिस थांबलो असतो. ह्यो बिचारा चहात वाळतोय." खांद्यावरचं फडकंही सुटलं नव्हतं. रंग बदलला की ते पेनाचं टोक फडक्यानं पुसायचे. काकू एकदा म्हणाल्या, "अवो, फडकं कोरडंच हाय की!" काका त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "तुझ्या लेयरचा डोळा कुठं हाय गं? झाकतो जरा."

चित्र लांबून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग मी टॅब्लेट छातीशी धरून रस्त्याच्या एका कडेला उभा, ते समोरच्या फुटपाथवर, आणि मधून रिक्षा, मोटरसायकली, सिटी बस. "वर धर की रं! 'ठ'चं पोट सुटलंय!" असं ते ओरडले की क्लासला निघालेली पोरं थांबून बघायची. मला लाज वाटायची, म्हणून मी भलतीकडेच बघत उभा राहायचो.

मग दिवाळीनंतर त्यांनी एक मोठं चित्र हातात घेतलं: आमच्या कोपऱ्यावरची सहा दुकानं. वर आजचे फ्लेक्स. पण मोबाईलवाल्याच्या फ्लेक्सचा डोळा झाकला की खाली कॅसेटच्या दुकानाचा बोर्ड, आणि तो झाकला की त्याच्याही खाली शिंप्याचा. खालचे सगळे बोर्ड त्यांनीच कधीकाळी रंगवलेले, आणि आता एकही जागेवर नव्हता. फोटोही नव्हता. "फोटो कोण काढतंय? बोर्ड तितंच हाय की, असं वाटायचं." चार महिने आठवून आठवून त्यांनी एकेक अक्षर काढलं. लेयरना नावंही दिली: 'शिंपी, चहा गोड', 'सायकलवाला, माणूस तिरसट'. एकोणचाळीस लेयर झाले तेव्हा टॅब्लेट कण्हायला लागला.

आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात ते चित्र लावायला सरांनी होकार दिला. पाठवायच्या दिवशी काका-काकू जोतिबाला निघाले होते. जाताना काका म्हणाले, "तेवढं धाडून दे. तुज्यावर सोपवलंय." फाईल इतकी जड होती की जाईना. मी सगळे लेयर एकत्र करून, म्हणजे सगळ्या काचांची एकच काच करून, चित्र सपाट केलं, सेव्ह केलं आणि पाठवलं. असं करताना आधी कॉपी काढून ठेवायची, हे मीच त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी ती काढली नाही. कारण मोठं काही नाही. घाई होती, आणि वरून चित्र जसंच्या तसं दिसत होतं.

प्रदर्शनात काका इस्त्रीचा शर्ट घालून चित्राशेजारी उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, "घरी या, खालचं दावतो." चार दिवसांनी खरंच दोघे पाहुणे आले. काकांनी टॅब्लेट उघडला आणि मला हाक मारली. "बाळा, डोळा एकच दिसतोय रं."

मी म्हणालो, "ॲपचा अपडेट आला असेल. त्यात गेलं असेल काहीतरी."

खोटं इतकं सहज कसं आलं, ते मला अजून कळत नाही. आठवडाभर ते त्या ॲपवाल्यांना शिव्या घालत होते आणि मी खाली मान घालून लेयर शोधायचं नाटक करत होतो. "ऱ्हाऊ दे आता, जेवून घे," असं वर तेच मला सांगायचे. शेवटी मला जेवण जाईना. मी सांगून टाकलं. त्यांनी पेनाचं टोक पुसलं, फडकं खांद्यावर टाकलं. "आधी सांगायचं न्हाईस व्हय? उगंच त्या लोकास्नी शिव्या घातल्या," एवढंच म्हणाले आणि चहाला उठले. तो चहा फार वेळ चालला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्यानं सुरुवात केली. पण एकदा आठवून काढलेलं दुसऱ्यांदा तितकं आठवत नाही, असं ते म्हणतात. "शिंप्याच्या बोर्डावर कात्री डावीकडं हुती का उजवीकडं?" असं त्यांनी मला कितीदा तरी विचारलं. ते चित्र छातीशी धरून मी महिनोन्‌महिने रस्त्यावर उभा होतो, तरी मला सांगता आलं नाही.

परीक्षा झाली आणि मी खोली सोडून गावी आलो. काल मोबाईलवर काकांची दोन चित्रं आली. एकात कात्री डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. खाली लिहिलं होतं, "खरं कुठलं?" मी 'डावीकडचं' असं टाईप केलं. त्यांना बरं वाटलं असतं. मग ते पुसलं आणि लिहिलं, "काका, मी नीट बघितलंच नव्हतं."

उत्तर आलं. "बरं. मग दोनी ठीवतो."