लाल बटणाचा मान

तुमच्या घरी खेळण्यांच्या टोपलीत जो पिवळा डबा आहे, मधोमध मोठं लाल बटण आणि दोन्ही बाजूंना चार-चार पांढरी बटणं असलेला, त्याची हकीकत मी लिहून ठेवते आहे. तुमचे आईबाबा ती पाहुण्यांना सांगतात तेव्हा भलत्याच जागी हसतात. म्हणून एकदा क्रमाने सांगितलेली बरी.

पोरी, तू तेव्हा चार वर्षांची होणार होतीस. तुझा भाऊ अजून यायचा होता. तुझ्या आज्या दोन: अकोल्याची, म्हणजे तुझ्या आईची आई, आणि अमरावतीची, म्हणजे मी. तुझ्या जन्माच्या वेळी अकोल्याच्या आजी सहा महिने कॅनडात राहिल्या. मी नंतर तीन आठवडे आले. त्यातला एक आठवडा मला सर्दी झाली म्हणून मला दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. परिणाम असा झाला की फोनच्या पडद्यावर त्या दिसल्या की तू ‘आजी!’ म्हणून ओरडायचीस, आणि मी दिसले की ‘दुसरी आजी’ म्हणायचीस. हे तुला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी सदतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे. एखादं विशेषण माणसाला कुठे नेऊन बसवतं हे मला कळतं. मी कुणाला काही बोलले नाही. पण ते ‘दुसरी’ निघालं पाहिजे, एवढं मनाशी ठरवून टाकलं.

संधी तुझ्या वाढदिवसाने दिली. आदल्या वर्षी आम्ही दोघींनी एकमेकींना न विचारता तुला दोन बोलके पोपट पाठवले होते. आपण बोललो की ते तेच उलट बोलून दाखवत. तुझ्या बाबाने दोन्ही एकाच टेबलावर ठेवले, आणि ते बॅटरी संपेपर्यंत एकमेकांशीच बोलत राहिले. म्हणून या वर्षी तुझ्या आईने दोघींना एकत्र निरोप पाठवला. गाणी-गोष्टी ऐकायचं काहीतरी पाठवा, हातात धरून फिरता येईल असं. पडदा नको, इंटरनेट नको. आवाज तुम्हा दोघींचा हवा. आणि कृपा करून दोघींत मिळून एकच.

मी तक्ता केला. अकरा कलमं होती. बटणं तुझ्या अंगठ्याहून मोठी असावीत. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं असावं. आवाज एका मर्यादेपलीकडे वाढू नये. गिळता येईल असा कोणताही भाग नसावा, वगैरे. तो तक्ता घेऊन मी राजकमल चौकाच्या आसपासची सगळी दुकानं हिंडले. पहिल्या दुकानदाराने माझ्यापुढे उशीएवढा एक स्पीकर ठेवला. त्यातून निळे-जांभळे दिवे फिरत होते.

“मॅडम, हा घ्या. आवाज तीन घरं जाते.”

“मला तो एका लहान मुलीच्या कानापर्यंत न्यायचा आहे.”

“मंग तर मोबाईलच द्या ना. काहून एवढ्या भानगडीत पडता?”

दुसऱ्याकडे जुन्या गाण्यांनी भरलेला रेडिओ होता. हा लहान मुलांना चालेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “चालते ना. आतापासून सवय लागली तं पुढं तरास नाई.” तिसऱ्याने माझा तक्ता हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला, आणि विचारलं, “मॅडम, हे टेंडर आहे का?”

तेव्हा मी अकोल्याला फोन लावला. तुझ्या त्या आजी माझ्या विहीणबाई. त्या मला ‘इहीनबाई’ म्हणतात. त्या म्हणाल्या, “कागद घेऊन काय फिरून राहिल्या? इकडं या. हाये माह्या ओळखीचा दुकानदार.” दुसऱ्या दिवशी मी मूर्तिजापूरमार्गे एस.टी.ने अकोल्याला गेले.

तो दुकानदार म्हणजे एक म्हातारे चाचा होते. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. माझ्या अकरा कलमांपैकी नऊ पुरी करणारे तीन प्लेअर त्यांनी काउंटरवर मांडले. मी चष्मा लावून स्क्रू तपासत होते, तेवढ्यात विहीणबाईंनी पहिला प्लेअर उचलला, डोक्याइतका उंच धरला आणि सोडून दिला.

“अरे आपा!” चाचा ओरडले.

“लेकरू काय करन? पहिले पाडनच ना? मंग आपनच पाडून पाहू.”

पहिल्याचं झाकण उडालं. दुसरा दिसायला धड राहिला, पण मुका झाला. तिसरा, पिवळा, फरशीवर दोनदा उडून थांबला आणि आपणहून वाजायला लागला. माझ्या तक्त्यात हे कलम नव्हतं. मी तिथेच पेनने बारावं लिहिलं.

त्या पिवळ्यात आपला आवाज भरता यायचा. मागची कळ सरकवायची, हवं ते बटण दाबायचं, बीप वाजला की बोलायचं. तीन मिनिटं झाली की आपोआप बंद. चाचांनी हे दोनदा करून दाखवलं आणि मग सगळ्या भांडणाचं मूळ असलेलं वाक्य उच्चारलं.

“बच्चा पहले लाल दबाएगा, आपा. सफेदवाले बाद में. जो खास चीज है, वो लाल पे रखो.”

मी डबा हातात घेतला आणि सहज लाल बटण दाबून पाहिलं. सहजच, आठ-दहा वेळा.

आता तुमच्या आईबाबांच्या लग्नातली एक गोष्ट सांगायला हवी. वराकडच्यांचा मानपान ही पद्धत मला पहिल्यापासून नापसंत. मुलाची आई म्हणून आपल्याला मान, आणि मुलीची आई मात्र हात जोडून उभी, हे मला पटत नाही. पत्रिकेवर मी छापूनच घेतलं होतं की आमच्याकडे मानपान नाही. तरीही विहीणबाईंनी मांडवात मानाची साडी पुढे केली. ती मी परत केली, आणि परत का करते आहे हे चार माणसांना ऐकू जाईल असं समजावूनही सांगितलं. लोकांनी कौतुक केलं. विहीणबाई साडी घेऊन आत गेल्या. ती त्यांनी पुढे नेसलीही नाही आणि कुणाला दिलीही नाही.

हे सगळं त्या दुपारी, अकोल्यात त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझ्यासमोर येऊन बसलं. कुकर गॅसवर होता. मी पिवळा डबा मधे ठेवला, मागची कळ सरकवली, लाल बटण दाबलं आणि बीपची वाट पाहू लागले. नेमकी कुकरची शिट्टी झाली. बीप ऐकूच आला नाही. मला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबायचंच होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

“बोला, इहीनबाई. लालवर तुमी. पोराची माय तुमी, पयला मान तुमचा.”

मला ते लाल बटण हवं होतं. फार हवं होतं. पण ते मानाचं म्हणून देऊ केलं होतं, आणि मी तर पत्रिकेवर छापून मोकळी झाले होते.

“आपल्यात मानपान नाही, विहीणबाई. तुम्ही बोला. तुम्ही वयानं मोठ्या.”

“किती? चार महिने?”

“मोठ्या त्या मोठ्या.”

“मंग मोठी म्हनून सांगून राहिली. तुमी आधी.”

“नाही, नाही. तुम्ही आधी.”

“तुमी आधी, म्हनते ना मी!”

असं बरंच झालं. मग त्यांनी डाव्या हाताने डबा माझ्याकडे ढकलला आणि थेट विचारलं, “खरं सांगा, इहीनबाई. तुमाले लाल पायजे का नाई?”

“मला? छे. मला कुठलंही चालेल.”

“दुकानात तुमचा अंगठा तं लालवरून निंगत नव्हता.”

“मी स्प्रिंग तपासत होते.”

“तपासलं ना? झालं ना? आता काहून पायजे ते सांगा.”

सदतीस वर्षांत माझ्या वर्गात मला असा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “ती मला ‘दुसरी’ म्हणते.”

कुकरची दुसरी शिट्टी झाली. मग त्या बोलल्या, आणि थोडं वरच्या पट्टीत बोलल्या.

“मंग हे काहून नाई सांगतलं वो आधी? लगन झालं तवापासून पाहून राहिली मी, तुमाले काही पायजेच नसते. साडी नको, ओटी नको, पंगतीत वरची जागा नको. समोरच्यानं द्यावं तरी काय तुमाले?”

मी डबा पुन्हा मधे सरकवला. म्हटलं, “राहू द्या. लाल रिकामंच ठेवू.”

“ठेवा. तुमाले रिकामं लय आवडते.”

मग आम्ही बटणांची वाटणी केली. डावी रांग त्यांची, उजवी माझी. मी दोन बडबडगीतं आणि दोन गोष्टी भरल्या, घड्याळ समोर ठेवून, प्रत्येक शब्द सुटा सुटा. त्यांनी एक अंगाईगीत म्हटलं, कापसाच्या ढिगात शिरलेल्या मांजराची गोष्ट सांगितली आणि दोन बटणांवर नुसत्या हसल्या, कारण ‘बोला’ म्हटलं की त्यांना हसू यायचं. मी डब्यासोबत एक कागद टाइप करून दिला. त्यावर पहिल्या ओळीत लिहिलं: ‘लाल – रिकामे.’

वाढदिवसानंतर आठवड्याने तुझ्या बाबाचा फोन आला.

“आई, लाल बटणावर काय आहे?”

“काही नाही. कागदावर लिहिलंय.”

“कागद वाचला. पण ही दिवसभर तेवढंच एक बटण दाबून राहिली आहे. जेवताना तेच, अंघोळीला तेच.”

आणि त्याने फोन डब्याजवळ धरला. आधी शिट्टी. मग ‘पोराची माय तुमी’. मग माझाच आवाज, ‘तुम्ही वयानं मोठ्या’. म्हणजे शिट्टीखाली बीप झालाच होता. तीन मिनिटं आमचं दोघींचं सगळं ऐकलं, स्प्रिंगसकट, ‘दुसरी’सकट. पलीकडे तुझी आई तोंडावर हात ठेवून हसत होती, ते मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. माझी काळजीपूर्वक भरलेली बडबडगीतं तू एकदा ऐकलीस, असं चौकशीअंती कळलं.

पुढचं तुझ्या बालवाडीच्या बाईंनी सांगितलं. दारातून आत जायच्या वेळी तू प्रत्येक मुलाला अडवून ‘तुमी आधी, तुमी आधी’ म्हणायचीस, आणि कुणीच आत जाईना. मधूनच तोंडाने कुकरची शिट्टीही करायचीस. बाईंना वाटलं, हा भारतीय शिष्टाचार असावा. चूक म्हणता येणार नाही.

आणि त्या रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर तू मला पाहिलंस, हात उंच केलेस आणि मोठ्याने ओरडलीस, “इहीनबाई!”

तीन मिनिटांत आम्ही एकमेकींना तीच एक हाक मारत होतो. तुझ्या दृष्टीने ते माझं नाव ठरलं होतं. मी फोन ठेवला आणि चहा करून घेतला. ‘दुसरी’ निघालं होतं. ‘आजी’सुद्धा निघालं होतं, पण त्या सकाळी तेवढा हिशेब मी करत बसले नाही.

चहा संपायच्या आत अकोल्याहून फोन आला.

“इहीनबाई, हे काय करून ठेवलं तुमी? तुमच्या पायी माही आजी गेली! मलेबी इहीनबाईच म्हनून राहिली ते पोरगी!”

“म्हणजे दोघी सारख्याच झालो.”

“हसून राहिल्या का तुमी?”

मी हसत नव्हते, निदान आवाज येईल असं नाही. त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि मग विचारलं, “ती साडी आहे का हो अजून?”



“हाये,” त्या म्हणाल्या. “पन रंग तुमाले आवडनार नाई.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा मूर्तिजापूरमार्गे जाऊन मी ती घेऊन आले. त्यांनी पाटावर बसवून, कुंकू लावून दिली. त्यांच्या दोन शेजारणी होत्या, त्यांना ऐकू जाईल असं मी काहीही समजावून सांगितलं नाही.

आता तू आठ वर्षांची आहेस. विहीण म्हणजे काय ते तुला कळतं, तरी हाक तीच मारतेस, आणि तुझं पाहून तुझा भाऊही. गेल्या महिन्यात तुझा बाबा म्हणाला, धाकट्यासाठी तरी लाल बटणावर काहीतरी धड भरून द्या. मी अकोल्याला विचारलं. त्या म्हणाल्या, “भरू ना. तुमी आधी.” म्हणून ते तसंच राहिलं आहे.

साडी पोपटी आहे. मला अजिबात शोभत नाही. दर दिवाळीला नेसते.