लाल ठिपका

साहेबरावांच्या हातून चुकीचा जॉब, म्हणजे मशीनवरून बिघडून आलेला सुटा भाग, कधी पुढे गेला नाही. चाकणच्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली या माणसाने. कुणी कितीही गळ घालो, मॅनेजर डोक्यावर येऊन बसो, मापाच्या गेजमध्ये न बसलेल्या जॉबवर रिजेक्टचा लाल ठिपका पडायचा म्हणजे पडायचा. "आज सोडा की राव, गाडी भरायचीय," असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "गाडी थांबंल. उद्या कुणाचा ब्रेक लागला न्हाई म्हंजे?" लोक पाठीमागे शिव्या घालायचे, आणि स्वतःची दुचाकी घ्यायची वेळ आली की यांनाच सोबत न्यायचे.

घरातही तोच खाक्या. त्यांची एकुलती एक लेक तेजस्विनी दहावीचा निकाल बघायला घाबरून बसली, तेव्हा म्हणाले होते, "खोकं न उघडता सही करायची न्हाई, तेजू. आत काय हाय ते आधी बघायचं."

असा माणूस, आणि त्याच्याच डोक्यातलं सगळं निसटायला लागलं! आधी किल्ल्या, मग पिंपळे गुरवमधली स्वतःची गल्ली, मग बायको. सोजरबाईंनी चहा दिला की म्हणायचे, "ताई, लई उपकार झाले." सोजरबाई आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडायच्या.

डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. रक्तही तपासलं. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी तिथे साचलेला कचरा उचलतात, म्हणाले. यांच्यात त्या पेशींना कामाला लावणाऱ्या एका जनुकातच खोट आहे. सोजरबाईंनी लगेच विचारलं, "मग माझ्या लेकीचं?" डॉक्टर म्हणाले, तिच्यात तो सदोष जनुक उतरण्याची शक्यता निम्मी. उतरला तर धोका दोन-तीन पटीने वाढतो, पण रोग होईलच असं नाही. घ्या! धड हो नाही, धड नाही नाही. असल्या उत्तराने कुणाच्या जिवाला थारा मिळतो?

तेजस्विनी एकोणतीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. तिनेही तपासायला रक्त दिलं. "नको गं बघू," सोजरबाई कळवळून म्हणाल्या. "एक बघतेय तेवढं पुरे मला." पण बापाचं ते खोकं पोरीच्या डोक्यातून जाईना. शनिवारी सकाळी तपासणी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी कागद पुढे ठेवला आणि तिने तो वाचला. उतरला होता. बाई झोप, व्यायाम, रक्तदाब असं पुष्कळ काही समजावत राहिल्या. ती मान हलवत राहिली. असलं सगळं आयुष्यभर जिला बाबांनाच सांगायची सवय, ती आता कुणाला सांगणार होती?

घरी आली तर निराळाच घोळ. तिची लाल नेलपॉलिशची बाटली साहेबरावांनी केव्हाच ताब्यात घेतली होती. तडा गेलेला कप, डुगडुगणारी खुर्ची, बंद पडलेलं घड्याळ, सगळ्यांवर ठिपके. आणि खरं सांगायचं तर एकही चुकीचा नाही. आज मात्र पलंगावर बसून त्यांनी ठिपका स्वतःच्या कपाळावर दिला होता. सोजरबाई तो पुसायला धडपडत होत्या.

"पुसू नका, ताई," ते अगदी शांतपणे म्हणाले. "हा जॉब रिजेक्ट हाय. पुढं जाता कामा न्हाई."

तेजस्विनी त्यांच्यासमोर खाली बसली आणि हात पुढे केला. "बाबा, मला तपासा."

सोजरबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. पुसायचं सोडून त्या मागे सरल्या.

साहेबरावांनी तो हात घेतला. पूर्वी जॉबच्या कडा चाचपायचे तसा एकेका बोटावरून अंगठा फिरवला. खिडकीकडे धरून पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. दुसऱ्या हातात बाटली उघडीच होती. तेजस्विनीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"कुणाची हो ही पोरगी?" त्यांनी सोजरबाईंना विचारलं.

"आपलीच," सोजरबाई कशाबशा म्हणाल्या.

"चोख हाय. कुठं खोट न्हाई." त्यांनी बाटलीचं झाकण लावून टाकलं.

एकतीस वर्षांत जे केलं नाही ते साहेबरावांनी त्या दुपारी केलं. तेजस्विनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. ते बावरले. मग त्या अनोळखी पोरीच्या केसांवरून हात फिरवत समजूत घालू लागले, "रडतीस कशापायी, बाळ? पास झालीस की तू."