पोटॅशियमवाले मामा

पोटॅशियमवर इतकं प्रेम करणारा माणूस लालबागमध्येच काय, अख्ख्या पृथ्वीवर दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोचे मामा परळच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवत. निवृत्तीनंतर विद्यार्थी संपले, तेव्हा त्यांनी नातेवाईक धरले. एका साखरपुड्यात माझ्या हाती भज्यांची बशी देऊन त्यांनी सुरुवात केली, "पेशीला बारीक दारं असतात. त्यातून पोटॅशियम बाहेर पडलं, की खवळलेली पेशी शांत होते. गंमत म्हणजे मोठं पोटॅशियम त्यातून जातं, छोट्या सोडियमला मात्र मज्जाव." शेजारचे नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, "म्हणजे आमच्या सोसायटीसारखं." मामांनी ते गंभीरपणे घेतलं आणि दोन्हींतला फरक अर्धा तास समजावला. भजी गार झाली.

घरात कुणाचंही बारसं असो, मामांचा एकच हट्ट, बाळाचा ईसीजी काढा. असला पाहुणा कुणाला आवडेल? आमच्या लेकीच्या, ओवीच्या वेळी आम्हीही "काढू, काढू" म्हणत बारा वर्षं घालवली. मग एका सकाळी अलार्म वाजला आणि ओवी बेशुद्ध पडली. पंधरा दिवसांनी दाराची बेल वाजली, पुन्हा तेच. कुणी परीक्षेचं टेन्शन म्हणालं, कुणी दृष्ट. मामा आमच्याकडे बांगड्याचं तिखलं जेवत होते. "दोन्ही वेळा आवाजच झाला होता?" एवढं विचारून ते भरल्या ताटावरून उठले. तासाभरात ईसीजी निघाला. ओवीच्या हृदयातली तीच दारं सुस्त होती. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय सावरायला जास्त वेळ लागे, आणि तेवढ्यात ती दचकली तर जिवावर बेतू शकत होतं.

औषध सुरू झालं आणि मामा बिल्डिंगभर लोकांना दारावरच्या बेल काढायला लावत फिरले. ताशाही बंद म्हटल्यावर गणपती मंडळाची पोरं कुरकुरली, "मामा, ताशाशिवाय बाप्पा आणायचा कसा?" मामा म्हणाले, "बाप्पाचे कान सुपाएवढे आहेत. हळू वाजवलंत तरी त्याला ऐकू जातं रे." पोरांनी गुपचूप ऐकलं.

परवा ते ओवीसाठी शहाळं, म्हणजे त्यांच्या भाषेत पोटॅशियम, घेऊन आले. मी म्हटलं, "मामा, तुमचं आधीच ऐकायला हवं होतं." मामांनी शहाळं खाली ठेवलं. म्हणाले, "जावईबापू, माझी धाकटी बहीण शाळेची घंटा झाली आणि पडली, ती उठलीच नाही. लोक म्हणाले, फिट आली. मी शेजारीच होतो. मला वाटलं, सोंग करतेय. मी हसत उभा राहिलो."

मी त्यांचा हात धरला. आतल्या खोलीत ओवी काहीतरी गुणगुणत होती. तिचं गाणं संपेपर्यंत मामा ऐकत बसले.